टोकाची गोष्ट

आमच्या घरात लहानपणी कात्री एकच होती. एकच म्हणजे अगदी एकच. कागद तीच कापायची, कापड तीच, औषधाच्या गोळ्यांची पट्टी तीच, आणि बाबांची मिशी ओठावर उतरायला लागली की तिथेही तीच. कात्री एक पण तिच्या जागा पंचवीस, त्यामुळे "कात्री कुठंय" हे वाक्य दिवसातून दोनदा तरी ऐकू यायचं आणि आईचं उत्तर ठरलेलं, "असेल तिथेच." तिथेच म्हणजे कुठे हे शेवटपर्यंत कुणाला कळलं नाही.

आणि आता बघा, माझ्या बाथरूममधल्या डब्यात सात कात्र्या आहेत. सात! लोक हसतात. मीही हसलो असतो, पण प्रत्येक कात्रीमागे एकेक जखम आहे, म्हणजे खरीखुरी, रक्त आलेली.

सुरुवात नाकापासून झाली. एका विशिष्ट वयानंतर डोक्यावरचे केस जे राजीनामे देतात ते बहुतेक नाकात आणि कानात रुजू होत असावेत. तर नाकातून एक केस बाहेर डोकावत होता, मी ती घरातली टोकदार कात्री घेतली, आरशासमोर मान वर केली, टोक आत घातलं आणि नेमकी शिंक आली. पुढचं सांगत नाही. फक्त एवढंच की दोन दिवस मी नाकात कापूस घालून फिरलो आणि ऑफिसमध्ये प्रत्येकाला वेगळं कारण सांगितलं.

मग कळलं की नाकासाठी वेगळी कात्री मिळते. बोटाएवढी, सरळ पात्यांची, आणि दोन्ही पात्यांच्या टोकाला टाचणीच्या डोक्यासारखा छोटा गोल मणी. बास, एवढाच फरक. तो मणी आत कुठेही टेकला तरी टोचत नाही. मला ते बघून एकदम गंमत वाटली, कारण ज्याने कुणी पहिल्यांदा हे केलं असेल त्यालाही नक्की शिंक आली असणार. आणि हो, त्याच वेळी हेही कळलं की ते केस उपटायचे नसतात, ते धूळ अडवायला तिथे असतात आणि मुळापासून ओढले तर तिथे पू होऊ शकतो, फक्त बाहेर दिसणारा तेवढा छाटायचा, आतलं जंगल राहू द्यायचं.

त्या दिवसापासून मला कात्रीची टोकं बघायचा नादच लागला. माझं म्हणणं असं आहे की कात्री कशासाठी आहे हे पात्यावर नाही, टोकावर लिहिलेलं असतं. टोक बघायचं आणि ओळखायचं की ही करणाऱ्याला कशाची भीती वाटत होती. टोकाला मणी असेल तर नाक किंवा कान. टोक गोलसर, बोथट आणि पाती आखूड असतील तर तान्ह्या बाळाची नखं, तिथे भीती अशी की बाळ मधेच हात झटकणार. (ते झटकतंच. भाची झाली तेव्हा ताईने ते काम माझ्यावर ढकललं होतं, भाची झोपल्यावरच करायचं आणि बोटाचा मऊ भाग खाली दाबून धरायचा, तरी एका नखाला मला पाच मिनिटं लागायची आणि घाम फुटायचा.) पाती वाकलेली, जरा जाडसर असतील तर मोठ्या माणसाची हाताची नखं, कारण नखाची कड गोल आणि सरळ पात्याने गोल कापायला गेलं की कोपरे राहतात, मग ते कोपरे स्वेटरमध्ये अडकतात आणि आपण चिडतो.

तशीच वाकडी पण एकदम बारीक, सुईसारख्या टोकाची एक येते, ती क्युटिकलसाठी. म्हणजे नखाच्या मुळाशी जी पातळ कातडी असते ना, तिच्यासाठी. आता इथे माझं स्पष्ट मत आहे, ती कातडी कापूच नये. त्वचेचे डॉक्टरही तेच सांगतात, ती कातडी म्हणजे नख आणि त्वचेमधली फट बंद करणारं सील आहे, ते तोडलं की जंतूंना दार उघडं. मग नखुरडं झालं की रात्रभर ठणकतं. पण ती कात्री मी टाकून दिलेली नाही, कारण नखाच्या कडेला जे सालपट निघतं, जे आपण दाताने ओढतो आणि मग ते कोपरापर्यंत सोलत गेल्यासारखं वाटतं, त्याच्यासाठी ती अगदी उत्तम. मुळाशी एकदा कच, संपलं. दात नकोत.

पायाच्या नखांची कात्री बघितलीत तर वाटेल चुकून बनवलीये, दांडे एवढे लांब आणि पाती एवढीशी. पण ती साधी तरफ आहे, शाळेत शिकलेली, टेकू मधे, एका बाजूला आपला जोर, दुसऱ्या बाजूला नख. दांडा लांब आणि पातं आखूड केलं की थोड्या जोरात जाड नखही तुटतं. म्हणून तर कुठल्याही कात्रीने काही टणक कापायचं असलं की आपण आपसूक ते स्क्रूच्या जवळ सरकवतो, कुणी न शिकवता. हाताची नखं महिन्याला साधारण तीन-साडेतीन मिलिमीटर वाढतात आणि पायाची त्याच्या निम्मी, त्यामुळे पायाच्या कात्रीला तसं कामही कमीच. अंघोळीनंतर कापावीत, मऊ असतात, आणि सरळ रेषेत, कोपरे गोल न करता, नाहीतर नख मांसात घुसतं. हाताला वाकडी आणि पायाला सरळ, हा फरक कळायला मला अंगठा सुजवून घ्यावा लागला.

मिशीच्या कात्रीबद्दल जास्त बोलत नाही, छोटी, सरळ, बारीक पात्यांची असते, काहींना वर इवलासा कंगवा जोडलेला असतो, तो भुवयांनाही चालतो. कंगव्याने भुवई वर विंचरायची आणि रेषेबाहेर गेलेली फक्त टोकं छाटायची. दोन्हीकडे नियम एकच, केस कोरडे हवेत. आणि मिशी कापताना हसायचं नाही, हसलं की वरचा ओठ ताणतो, रेष सरकते आणि मग एक बाजू दुसरीच्या बरोबरीला आणता आणता मिशीच राहत नाही. बाबांचं असं एकदा झालं होतं. आठवडाभर ते तोंडावर हात ठेवून बोलत होते.

ओले केस ताणतात आणि वाळले की आखडतात, हे मी वाचून नाही, भाचीच्या कपाळावर शिकलो. २०२० साली सगळे घरात बंद होते, सलूनही बंद, तिचे पुढचे केस डोळ्यात जायला लागले म्हणून मी मोठ्या थाटात पाणी मारून, कंगव्याने सरळ करून बरोब्बर भुवईवर कापले. पंधरा मिनिटांनी ते वाळले आणि कपाळाच्या मध्यावर जाऊन बसले. भाची आरशात बघून काहीच बोलली नाही, त्या न बोलण्याची मला अजून भीती वाटते. तेव्हापासून दोन गोष्टी करतो, कपाळावरचे केस कोरडेच कापायचे, आणि आडवी कात्री चालवायची नाही, उभी धरून फक्त टोकाने थोडं थोडं खायचं, म्हणजे चुकलं तरी पायरी दिसत नाही.

केसांची खरी कात्री त्यानंतर घेतली. साडेपाच इंची, एका कडीच्या मागे करंगळी टेकवायला छोटी शेपटी असते तसली. आधी मला ती शेपटी शोभेची वाटायची. ही कात्री धरायची पद्धतच वेगळी, अंगठा एका कडीत, पण दुसरीत मधलं बोट नाही तर अनामिका, करंगळी त्या शेपटीवर, आणि हलवायचा फक्त अंगठा, खालचं पातं एकदम स्थिर. सलूनमध्ये बघा कधी, त्यांचा अंगठाच तेवढा नाचत असतो, केस कापत नसले तरी हवेत कचकच चालूच. मी घरी तशी हवेतली कचकच करून बघितली, तेवढी मात्र मला पहिल्याच दिवशी जमली.

त्याच सेटमध्ये दातेरी कात्री पण आली, थिनिंगची. एक पातं साधं आणि दुसऱ्याला कंगव्यासारखे दाते, त्यामुळे एका चिमटीतले काहीच केस कापले जातात आणि बाकीचे दातांमधल्या खाचांत सुरक्षित राहतात. दाट केस हलके करायला छान. पण मुळाजवळ लावायची नाही, तिथले कापलेले आखूड केस पुढे खुंटासारखे उभे राहून वरच्या लांब केसांना ढकलतात, आणि एकाच जागी चार-पाचदा चालवली तर खड्डा. खड्ड्याचा अनुभव माझ्याच डोक्यावर घेतला, भाचीने परत हात लावू दिला नव्हता.

आणि मग माझ्यात तो बदल झाला. मी "माझ्या कात्रीला हात लावायचा नाही" म्हणणारा माणूस झालो. लोकांना वाटतं केस एवढे मऊ, त्याने काय धार जाणारे. पण एमआयटीच्या संशोधकांनी २०२० मध्ये 'सायन्स' या विज्ञानाच्या नियतकालिकात छापलंय, केस दाढीच्या पात्यापेक्षा साधारण ५० पट मऊ असूनही पात्याच्या कडेचे कपचे उडवतो, तो वाकतो, पात्याच्या कडेला तिरका भिडतो आणि पोलादात जिथे आधीच नाजूक जागा असेल तिथे टवका निघतो. मऊ केसाने ही अवस्था, तर कागदाचं काय? कागद गुळगुळीत आणि पांढरा व्हावा म्हणून त्यात खडूसारखी पूड, चिनी माती असलं भरलेलं असतं, म्हणजे कागद कापणं हे पात्याला बारीक पॉलिश पेपरवर घासण्यासारखंच. आणि मग ती बोथट कात्री केस कापत नाही, चेंगरते, चेंगरलेल्या टोकाला पुढे फाटे फुटतात. शब्दाला फाटे फोडणारी माणसं घरात होतीच, केसांना फोडणारी कात्री पण निघाली.

हे सगळं मी आईला समजावून सांगितलं. ती म्हणाली, "बरं," आणि दुसऱ्या दिवशी त्याच कात्रीने कुरिअरचं पाकीट उघडलं.

तेव्हा मी घरात सगळ्या कामांसाठी एक वेगळी आणली, नारिंगी मुठीची. त्या नारिंगी मुठीचीही गोष्ट आहे, फिनलंडच्या फिस्कार्सने १९६७ मध्ये प्लास्टिकच्या मुठीची कात्री काढली तेव्हा रस काढायच्या यंत्रांसाठी आणलेलं नारिंगी प्लास्टिक मशीनमध्ये उरलं होतं, तेच वापरलं, आणि पुढे तो रंगच तिची ओळख झाला. आमच्या घरात त्या रंगाचा फायदा एवढाच झाला की ती हरवली तरी लांबून दिसते.

एक गोष्ट मात्र मला खरंच सुंदर वाटते. कात्री मिटून, उजेडासमोर धरून, कडेने बघा, दोन पात्यांच्या मधे बारीक फट दिसेल. पाती सपाट नसतात, किंचित कमानदार असतात, त्यामुळे ती पूर्ण कधीच भेटत नाहीत, एका वेळी एकाच बिंदूवर टेकतात आणि तो बिंदू स्क्रूपासून टोकापर्यंत पळत जातो. कापतो तो तो पळणारा बिंदू. स्क्रू सैल झाला की बिंदू हरवतो, धार असूनही केस पात्यांमधे नुसता दुमडतो, आणि आपण धार लावणाऱ्याला शोधत फिरतो. आधी स्क्रू बघावा, तेलाचा एक थेंब सोडावा, निम्म्या तक्रारी तिथेच मिटतात.

माझी एक तक्रार तरी मिटत नव्हती. डाव्या हाताची नखं मस्त कापली जायची आणि उजव्या हाताची, कात्री डाव्या हातात घेतली की, नुसती दुमडायची, चघळल्यासारखी. मला वाटायचं डावा हात अडाणी आहे. ताई डावखुरी, ती हे ऐकून म्हणाली, "हात नाही रे, कात्री उजवी आहे." मग तिनेच दाखवलं, उजव्या हातात धरल्यावर अंगठा नकळत बाहेर ढकलतो आणि बोटं आत ओढतात, त्या रेट्याने पाती एकमेकांवर दाबली जातात. तीच कात्री डाव्या हातात घेतली की तोच रेटा पाती फाकवतो. शाळेत कार्यानुभवाच्या तासाला तिचे सगळे कागद चुरगळलेले असायचे, बाई "नीट धर" म्हणून ओरडायच्या, आणि तिला चौतिसाव्या वर्षी स्वतःची डावी कात्री घेईपर्यंत वाटत होतं की आपल्यालाच येत नाही. डावी म्हणजे नुसती मूठ उलटी नाही हं, पातीच उलटी बसवलेली, वरचं पातं डाव्या बाजूला.

मी तिची ती नखांची कात्री डाव्या हातात घेतली आणि आयुष्यात पहिल्यांदा उजव्या अंगठ्याचं नख एका फटक्यात कच करून तुटलं. मी ओरडलोच. ती म्हणाली, "दे इकडे, आणि तुझी पण दे."

"माझी कशाला?"

"माझ्या डाव्या हाताची नखं कोण कापणार मग, मी उजव्याच हाताने कापते ना ती."

हे मला सुचलंच नव्हतं. ती आता महिन्यातून दोनदा तिची कात्री घेऊन येते, समोरासमोर बसतो, पाच नखं झाली की कात्र्या बदलायच्या, आणि परवा जाताना ती चुकून माझी घेऊन गेली, तिची माझ्याकडे राहिली. आज उजव्या हाताची पाच कापून झाली आहेत, डाव्या हाताची तशीच आहेत. रविवारी येते म्हणालीये.