पट्ट्यापट्ट्यांचे मोजे

गाईडच्या धंद्यात पाहुणा गाडीतून उतरायच्या आत ओळखावा लागतो. कुठल्या देशाचा, किती वेळ ऐकून घेईल, पायऱ्या चढेल की डोली लागेल. आम्हा अजिंठ्याच्या गाईडांची एक ठरलेली यादीच होती. जपानी माणूस शांत, बुद्धापुढे हात जोडणार. जर्मन हातात पुस्तक घेऊन येणार आणि सन चुकला की तिथल्या तिथे टोकणार. अमेरिकन म्हणजे मोठा आवाज, मोठी टिप आणि प्रत्येक लेण्यात पाच मिनिटं. ही यादी मला आधीच्या गाईडांकडून मिळाली, मी ती पुढच्यांना दिली. मध्ये कुणी तपासली नाही.

त्या काळात माझं अमेरिकनांशी जरा बिनसलेलं होतं. सप्टेंबर २००१नंतर त्यांचं येणं आटलं. जरा सावरतंय म्हणेपर्यंत २००२च्या मे महिनाअखेरीस, सीमेवर फौजा उभ्या असताना, त्यांच्या सरकारने आपल्या लोकांना भारत सोडायचा सल्ला दिला. सीमा कुठे, अजिंठा कुठे! पण हिवाळ्याची बुकिंगं धडाधड रद्द झाली. आमच्या गल्लीत भाजीवाला येत होता, पोरं क्रिकेट खेळत होती, आणि तिकडे कुणाला टीव्ही बघून वाटत होतं की माझ्या दारात रणगाडा उभा आहे. मग २००३ला इराक झालं. आता टीव्ही बघायची पाळी आमची होती.

जानेवारी २००४. मुंबईत, गोरेगावला नेस्कोच्या मैदानावर, जागतिक सामाजिक मंचाचा मेळावा २१ तारखेला संपला होता. जगभरचे लोक त्यासाठी आले होते आणि बरेचजण परतण्याआधी अजिंठा-वेरूळ करून जात होते. शुक्रवारी सकाळी औरंगाबादच्या (शहराचं नाव तेव्हा हेच होतं) एका हॉटेलातून मला साठीचं एक जोडपं मिळालं. त्याच्या सॅकवर मेपलचं लाल पान शिवलेलं, तिच्या सॅकला नुसती पाण्याची बाटली लटकलेली. कॅनडा, मी ठरवून टाकलं. आमच्या यादीत कॅनडापुढे काही लिहिलेलंच नव्हतं. अमेरिकनासारखाच, पण हळू बोलणारा, एवढंच आम्ही धरून चालायचो.

शंभर किलोमीटरचा रस्ता. ‘तुम्ही कॅनडाचे, म्हणून मोकळेपणाने सांगतो’ अशी सुरुवात करून मी जो सुटलो, तो फर्दापूरपर्यंत. रणगाड्याचं सांगितलं. कैलास लेण्यासमोर उभं राहून ‘हे बांधायला किती डॉलर लागले असतील?’ असं विचारणाऱ्या टेक्सासच्या गृहस्थाची नक्कल केली. बाई दोनदा हसल्या. साहेब खिडकीबाहेर कापूस बघत होते.

टी पॉइंटला गाडी सोडून बसने वर गेलो. तिकीट तेव्हा आपल्याला १० रुपये होतं, परदेशी पाहुण्याला २५०. “अमेरिकन इथेच वाद घालतो,” मी म्हटलं. साहेबांनी मुकाट्याने पाचशेची नोट काढून दिली.

पहिल्या लेण्यात बूट काढून आत गेलो. पद्मपाणी झाला, वज्रपाणी झाला. मग मी नेहमीप्रमाणे टॉर्च छतावर फिरवला. तिथल्या चौकटींत परदेशी माणसं काढलेली आहेत: डोक्याला टोपी, दाढी, अंगात लांब अंगरखा, हातात मद्याचा पेला. आणि पायात पट्ट्यापट्ट्यांचे मोजे. एकोणिसाव्या शतकात फर्ग्युसनसारख्या अभ्यासकांना यात इराणचा बादशहा खुस्रो दिसला आणि त्यांनी त्याचा संबंध चालुक्य पुलकेशीच्या दरबाराशी जोडला. पुढे लेण्याचा काळच त्याआधीचा, पाचव्या शतकातला ठरला, तेव्हा बादशहाही गेला आणि दरबारही गेला. उरले ते नुसते कुणीतरी पेला घेऊन बसलेले परदेशी.

“परदेशी आहेत हे कशावरून ठरवलं?” साहेबांनी विचारलं.

“टोपी, दाढी, मोजे,” मी म्हटलं.

त्यांनी खाली बघितलं. आम्ही तिघेही मोज्यांवर उभे होतो. बाई पुन्हा हसल्या, या वेळी मात्र माझ्याकडे बघून नाही.

दहाव्या लेण्यात मी रंगात आलो. जॉन स्मिथची गोष्ट माझी आवडती. मद्रास सैन्यातला इंग्रज अधिकारी, २८ एप्रिल १८१९, शिकारीला आला आणि लेण्यात शिरला. तारखेसकट आपलं नाव त्याने खांबावर खरडलं, तेही रंगवलेल्या बोधिसत्त्वाच्या अंगावर. तेव्हा लेण्यात पुरुषभर राडारोडा साचलेला होता, म्हणून ते नाव आज आपल्या डोक्याच्याही वर दिसतं. “इंग्रज नाव तरी कोरून गेला,” मी म्हटलं, “अमेरिकन फोटो काढून जातो. अपवाद एकच.” आणि मी वॉल्टर स्पिंक यांच्याविषयी सांगायला लागलो. मिशिगन विद्यापीठाचे प्राध्यापक, उभी हयात या डोंगरात घातलेली. दुसऱ्या टप्प्यातली सगळी लेणी वाकाटक राजा हरिषेणाच्या काळात, वीसेक वर्षांत खोदली आणि रंगवली गेली, हे त्यांचं म्हणणं. सगळ्या अभ्यासकांना ते पटत नाही. पण त्यांच्याशी वाद घालायचा तर दारांच्या बिजागऱ्यांची भोकंसुद्धा पाठ हवीत, कारण त्यांनी तीही तपासलेली. “ते अमेरिकन आहेत,” मी समारोप केला, “पण आम्ही त्यांना अमेरिकन धरत नाही.”

साहेब खांबाकडे बघत म्हणाले, “मीही मिशिगनचा. मलाही धरू नका.”

लेण्यात पारवे घुमत होते, तेवढाच आवाज. माझ्या डोळ्यांपुढून सगळा रस्ता उलटा गेला. सिल्लोड, फुलंब्री, टेक्सासची नक्कल. कुठे तोंड लपवू असं झालं. मी माफी मागायला लागलो, तर तेही मागायला लागले. दोघांची एकदमच.

बाहेर कट्ट्यावर बसल्यावर त्यांनी सांगितलं. डेट्रॉइटजवळ राहतात. घरापासून गाडीने अर्ध्या तासात नदी ओलांडली की कॅनडा. “खोटं बोललो, पण फार लांबचं नाही.” युद्ध सुरू होण्याआधी, फेब्रुवारी २००३मध्ये, विरोधातल्या मोर्चात दोघंही चालले होते. आणि बाईंच्या भावाचा मुलगा त्या घडीला फौजेबरोबर इराकमध्ये होता. युरोपात एका टॅक्सीवाल्याने ‘कुठले?’ विचारून जो हिशेब मागितला, त्यातलं काय काय आणि कसं समजावणार? परत आल्यावर साहेबांनी ते पान विकत घेतलं. त्यांच्या देशातले इतरही बरेच प्रवासी तसं करतात म्हणे.

“मी कुणाला कॅनडा सांगितलं नाही,” बाई म्हणाल्या. “तुम्ही मला विचारलंच नाहीत.”

खरं होतं. दोन तास बोललो, पण प्रश्न एकही विचारला नव्हता.

मग बाईंनी आपलीही एक गोष्ट सांगितली. निघताना शेजारणीने त्यांना पंधरा दिवस पुरतील एवढी बंद पाकिटातली बिस्किटं बांधून दिली होती. भारतात काही खाऊ नकोस, आणि रस्त्यावर एकटी उतरूच नकोस. त्यातली निम्मी पाकिटं त्यांनी मेळाव्यात वाटून टाकली होती आणि वडापाव खाऊन त्या ठणठणीत होत्या. “शेजारणीला सांगणार नाही,” त्या म्हणाल्या. “तिचा हिरमोड होईल.”

सव्विसाव्या लेण्यातलं महापरिनिर्वाण बघून परत फिरलो, तेव्हा साहेब म्हणाले, पहिलं लेणं पुन्हा बघायचंय. बाई बाहेर झाडाखाली बसल्या. ते आत गेले आणि मान वर करून उभे राहिले ते राहिलेच. वीस मिनिटं झाली, पंचवीस झाली. पहारेकरी दोनदा डोकावून आला. माझ्या ओळखीचाच होता. “कुठले पाहुणे?” त्याने विचारलं. मला पटकन काही सुचेना. “आतच आहेत अजून,” मी म्हटलं.

खाली टी पॉइंटला दगडवाल्या पोरांनी घेरलं. “हॅलो कॅनडा! हॅलो कॅनडा!” साहेबांनी हात हलवला. सॅकवरचं पान तसंच होतं. अजून राजस्थान करायचं होतं, पुढे कैरो. एका पोराकडून त्यांनी स्फटिकाचा खडा घेतला, घासाघीस न करता. पाहुणे गाडीत बसल्यावर मी त्या पोराला बाजूला घेतलं.

“काय रे, कॅनडाचे आहेत का ते?”

“नाही दादा, अमेरिकेचे. सकाळीच कळलं. खरे कॅनडावाले दोघंही पान लावतात. बाईच्या सॅकला काहीच नाही.”

“मग कॅनडा कॅनडा काय ओरडत होतास?”

पोरगं पैसे मोजत म्हणालं, “एवढं शिवून आणलंय त्यांनी. कुणीतरी म्हणायला नको?”