डीओ मीटर: नवी मेम्ब्रेन, नाशिकचा हवेचा दाब आणि पहाटेचे आकडे

माझ्या कोई माशांच्या टाक्यात विरघळलेला ऑक्सिजन (डीओ) मी मीटरने मोजतो. मागच्या नोंदीत लिहिलं होतं, की त्याचा आकडा स्थिर व्हायला फार वेळ लागतोय. मेम्ब्रेन बदलली आणि प्रोब, म्हणजे मीटरचा पाण्यात बुडवायचा भाग, पुन्हा चपळ झाला.

माझा प्रोब पोलरोग्राफिक आहे, म्हणजे मीटरने दिलेल्या व्होल्टेजवर चालणारा. सोन्याचा कॅथोड, चांदीचा अॅनोड, मध्ये पोटॅशियम क्लोराइडचं द्रावण आणि तोंडावरच्या कॅपला (टोपीला) प्लास्टिकचा पातळ पडदा, तीच मेम्ब्रेन. पडद्यातून आत आलेला ऑक्सिजन कॅथोडवर खर्ची पडतो. जेवढा खर्च, तेवढा करंट. लेलँड क्लार्क यांनी 1950च्या दशकात रक्तातला ऑक्सिजन मोजायला ही रचना केली, आणि आज तिच्यावर आपण कोई मासे सांभाळतोय. मला याचं खरंच अप्रूप वाटतं.

जुनी कॅप काढली तर सोन्याचा ठिपका पांढुरका दिसत होता, म्हणजे त्यावर चांदी चढली होती. मीटरसोबत मिळालेल्या बारीक पॉलिश कागदावर, पाणी लावून, हलक्या हाताने फिरवला आणि पिवळी चमक परत आली. साधा सँडपेपर अजिबात वापरू नका. मग नवी कॅप द्रावणाने काठोकाठ भरायची, बाहेरून टिचक्या मारून बुडबुडे वर आणायचे आणि अगदी सावकाश फिरवत बसवायची. थोडं द्रावण बाहेर ओघळलं पाहिजे. शेवटी उजेडाकडे धरून बघायचं: पडद्याला सुरकुती नको, आत मोहरीएवढाही बुडबुडा नको. दिसला तर पुन्हा पहिल्यापासून. त्यानंतर मीटर चालू करून पंधरा मिनिटं तसाच ठेवतो, कारण पोलरोग्राफिक प्रोब स्थिरावायला वेळ घेतो. गॅल्व्हॅनिक, म्हणजे स्वतःच व्होल्टेज तयार करणाऱ्या प्रोबला ही वाट बघावी लागत नाही, पण त्याचा अॅनोड मीटर बंद असतानाही झिजतच असतो.

आता दाबाचं, कारण आपल्या भागातल्या बहुतेकांचा आकडा इथेच चुकतो. समुद्रसपाटीला 25 अंशांच्या गोड्या पाण्यात जास्तीत जास्त 8.26 मिग्रॅ/लिटर ऑक्सिजन राहतो, तक्त्यात तोच छापलेला असतो. नाशिक सुमारे 600 मीटर उंचीवर आहे. इथे हवेचा दाब 940 हेक्टोपास्कलच्या आसपास, म्हणून त्याच पाण्यात 7.7च्या घरातच मावतो. 30 अंशांना 7.56च्या जागी साधारण 7. मोबाइलवरच्या हवामान अॅपमधला 1008-1010चा दाब मीटरमध्ये भरू नका. तो समुद्रसपाटीला आणून दाखवलेला असतो. मीटर उंची विचारत असेल तर सरळ 600 भरा.

कॅलिब्रेशन, म्हणजे मीटरचा आकडा जुळवणं, ओल्या स्पंजच्या बाटलीत, सावलीत करतो. पडद्यावर पाण्याचा थेंब नको आणि बाटलीचं झाकण घट्ट नको. महिन्यातून एकदा शून्यही तपासतो: पेलाभर पाण्यात चमचाभर सोडियम सल्फाइट. ते पाण्यातला सगळा ऑक्सिजन संपवतं, आकडा दोन-तीन मिनिटांत शून्याला टेकला पाहिजे. नंतर प्रोब भरपूर पाण्याने धुवायचा.

टाक्यात मोजताना प्रोब सावकाश हलवत राहायचं. स्थिर पाण्यात पडद्यालगतचा ऑक्सिजन प्रोबच संपवतो आणि आकडा खाली घसरत जातो. मासे दमलेत असं वाटून घाबरणाऱ्यांनी आधी हे करून बघावं. ऑप्टिकल, म्हणजे प्रकाशाने मोजणाऱ्या मीटरला ही अडचण नाही, पण किंमत बघता मी अजून थांबलोय. आणि प्रोब तळाच्या गाळात कधीच खुपसू नका. तिथला हायड्रोजन सल्फाइड पडद्यातून आत शिरतो आणि चांदी खराब करतो.

या वेळचे आकडे: मेच्या दुपारी चार वाजता, पाणी 29 अंश, 9.6. शेवाळ उन्हात ऑक्सिजन सोडतं, म्हणून संपृक्ततेच्याही वर, म्हणजे एरवी पाण्यात मावतो त्याहून जास्त. त्याच रात्रीनंतर पहाटे साडेपाचला 5.1. रात्रभर मासे, शेवाळ आणि फिल्टरमधले जिवाणू सगळेच ऑक्सिजन वापरतात. जूनमध्ये दोन दिवस आभाळ भरून राहिलं आणि पहाटेचा आकडा 4.4 झाला. मी 5च्या खाली जाऊ देत नाही, तेव्हा दुसरा एअर पंप लावला. आता तो इन्व्हर्टरवर आहे, कारण पावसाच्या पहिल्या वाऱ्यालाच वीज जाते. फक्त दुपारी मोजणाऱ्याला यातलं काहीच दिसणार नाही. एकदाच मोजायचं असेल तर सूर्य उगवायच्या आधी मोजा.

नाशिकजवळच्या सोमेश्वर धबधब्यावरही मीटर नेला होता. धबधब्याखाली काठाशी संपृक्ततेच्या 98 टक्के. पुढे संथ पाण्यात, पाणवेलींच्या थराखाली, 31. खाली उजेड पोचत नाही, वरून हवा लागत नाही आणि कुजणारी पानं उरलासुरला ऑक्सिजन ओढतात. कुणी गच्चीवरच्या टाक्यात शोभेला पाणवेल सोडली असेल, तर निम्म्याहून जास्त पृष्ठभाग मोकळा ठेवा.

पुढच्या नोंदीत श्रावणातले पहाटेचे आकडे देईन. तोवर केबलच्या जोडाची ओ-रिंग बदलायची आहे, ओल आत जायला लागलीय.