स्लोव्हेनियातलं 'मी' म्हणजे आम्ही

काल रंकाळ्यावर बसलोतो, मित्र म्हणला पोराला जर्मनचा क्लास लावतोय, मराठीचं काय करायचं लगा आता. मला एकदम युरोपातला स्लोव्हेनिया आठवला. अख्ख्या देशाची लोकसंख्या साधारण २१ लाख, म्हणजे आपल्या कोल्हापूर जिल्ह्याहून कमीच, २०११ ला आपण ३८ लाखांवर होतो! शेजारी इटालियन, जर्मन, हंगेरियन, क्रोएशियन, त्यामुळं दुसरी भाषा शिकल्याशिवाय भागतच नाही. १९९१ पर्यंत युगोस्लाव्हियात होते तेव्हा शाळेत सर्बो-क्रोएशियन असायची, आता पहिली परदेशी भाषा बहुतेक इंग्रजीच. आपण निपाणीला गेलो की कन्नड ऐकून नुसती मान हलवतो, ते सोडा.

इंग्रजी शब्द मात्र ते स्वतःच्या स्लोव्हेनियन भाषेच्या साच्यात बसवतात, वीकेंडचं स्पेलिंगच बदलून 'विकेंद', लाईक करायचं तर 'लायकाती'. आपलं 'लाईक कर की भावा' तसलंच की.

पण खरी गंमत द्विवचनाची. संस्कृतातलं आपण मराठीत कधीच टाकून दिलं, त्यांनी अजून जपलंय. 'मी' म्हणजे आम्ही सगळे आणि 'मिद्वा' म्हणजे फक्त आम्ही दोघं. इंग्रजीत हे सांगायला जास्तीचा शब्द जोडावा लागतो. मित्राला हे सांगितलं तर म्हणला, मग मिद्वा मिसळ खाऊया, बिल तू दे.