छोटा हत्ती नावावर करताना एका अक्षराने खाल्लेले दोन महिने

सेकंडहँड छोटा हत्ती घेतला, पंधरा-वीस दिवसांत नावावर होईल असं धरून चाललो होतो आणि दोन महिने नुसते फायनान्स कंपनीच्या एका एनओसीमागे (ना हरकत दाखल्यामागे) गेले. अजून आठवलं की डोकं तापतं, म्हणून लिहितोय.

आमची रोपांची नर्सरी आहे, त्यामुळे गाडी कुठली हा प्रश्नच नव्हता. छोटा हत्ती म्हणजे टाटा एस 2005 ला आली आणि तीनचाकीच्या वर, टाटा 407 ट्रकच्या खाली जी जागा रिकामी होती ती तिने धरली. दोन सिलिंडरचं डिझेल इंजिन, पाऊण टन माल, आणि वळणाची त्रिज्या फक्त 4.3 मीटर, म्हणजे शेताच्या अरुंद रस्त्यावरही मागेपुढे न करता वळते. गाडी बघितली, चालवली, व्यवहार झाला. मालकी बदलाच्या फॉर्म 29 आणि 30 वर सह्या झाल्या.

आरसीवर मात्र फायनान्स कंपनीचा बोजा (कर्जाची नोंद) होता. आधीच्या मालकाने कर्ज कधीच फेडलेलं, पण बोजा उतरवलाच नव्हता. त्यासाठी फॉर्म 35 आणि कंपनीची एनओसी लागते. एनओसी आली, आरटीओत दिली आणि परत आली, कारण त्यातला चेसिस नंबर (गाडीच्या फ्रेमवर कोरलेला नंबर) जुळत नव्हता. शून्याच्या जागी इंग्रजी ओ छापलेला!

शाखेत गेलो तर म्हणे हेड ऑफिसला मेल टाकतो. आठ दिवसांनी गेलो, तेच उत्तर. तिसऱ्यांदा म्हणाले मूळ कर्जदाराने अर्ज करायला पाहिजे, तो बिचारा कामावर खाडा करून माझ्याबरोबर आला, तर त्या दिवशी सही करणारे साहेब रजेवर. दुसरी एनओसी आली त्यात चेसिस बरोबर पण फॉर्म 35 वर शिक्काच नाही. आणि या सगळ्यात गाडी दारात उभी, रोपं भाड्याच्या टेम्पोने जातायत.

शेवटी मी काय केलं, चाकाजवळच्या फ्रेमवरची माती घासून काढली, नंबरावर कागद धरून पेन्सिल फिरवली, सतरा अक्षरं उमटली तो कागद घेऊन शाखेच्या मॅनेजरच्या टेबलावर ठेवला आणि सांगितलं की चेसिस नंबरात आय, ओ, क्यू ही अक्षरं वापरतच नाहीत, तुमचा कागद चूक आहे हे बघताक्षणी कळायला हवं होतं. चार दिवसांत दुरुस्त एनओसी हातात आली. हे पहिल्याच दिवशी करायला पाहिजे होतं. तुम्ही पैसे द्यायच्या आधीच ती पेन्सिलची छाप घ्या आणि आरसी, विमा, एनओसी तिन्हीशी एकेक अक्षर लावून बघा.

हां, विमा राहिलाच. गाडी घेतल्यापासून 14 दिवसांत विमा आपल्या नावावर करायला अर्ज द्यायचा, आरसीची वाट बघत बसू नका. फिटनेसची तारीखही बघा, नव्या गाडीला दोन वर्षांचं मिळतं, पण आठ वर्षांनंतर दरवर्षी पासिंग. परमिटची काळजी नको, 3000 किलोपर्यंत एकूण वजनाच्या मालगाडीला ते लागत नाही. लायसनचं बरेच जण विचारतात, तर 6 नोव्हेंबर 2024 च्या सुप्रीम कोर्टाच्या निकालाप्रमाणे 7500 किलोपर्यंतच्या मालगाडीला एलएमव्ही (हलक्या मोटार वाहनाचं) लायसन चालतं.

आरसी परवा आली. बोजाचा रकाना रिकामा आणि खाली माझं नाव. काल पहिली खेप टाकली, आंब्याची कलमं.