तुम्ही विचारलंत म्हणून: गेम विकत घेतो, तरी कुलपाचा राग का?

साताऱ्यात माझं कॉम्प्युटर दुरुस्तीचं दुकान आहे आणि गेमचं वेड त्याच्याही आधीचं. त्यामुळे काउंटरवर हा प्रश्न महिन्यातून एकदा तरी निघतोच. परवा एका मुलाचा पीसी घेऊन त्याचे वडील आले होते. नव्या गेमच्या कॉपी प्रोटेक्शनवरून, म्हणजे नक्कल होऊ नये म्हणून गेममध्ये घातलेल्या कुलपावरून, मी त्या मुलाशी तावातावाने बोलत होतो. वडील थोडा वेळ ऐकत राहिले, मग म्हणाले, "दादा, तुम्ही तर गेम विकत घेता. ज्याच्या मनात चोरी नाही, त्याला कुलपाचा कसला त्रास?"

मागे गिऱ्हाईक उभं होतं, म्हणून तेव्हा अर्धंच सांगितलं. उरलेलं इथे लिहितो.

त्रास हा, की ते कुलूप पैसे देणाऱ्याच्याच वाट्याला येतं. क्रॅक केलेला, म्हणजे कुलूप फोडलेला गेम जो नेटवरून फुकट उतरवून घेतो, त्याच्याकडे तो कुलूप काढूनच येतो. त्याला 'की' (गेमसोबत मिळणारा कोड) टाकावी लागत नाही, लॉगिन लागत नाही, नेट लागत नाही. हे सगळं लागतं ते विकत घेणाऱ्याला. चोर सोडून संन्याशाला फाशी म्हणतात ते हेच.

माझ्याच घरातलं सांगतो. २००९ पर्यंत मीही पन्नास रुपयांच्या कॉपी केलेल्या सीडी आणायचो, ते लपवत नाही. त्या वर्षी हातात पगार यायला लागला आणि पहिला खरा गेम घेतला, ९९९ रुपयांना. डबा उघडल्यावर येणारा नव्या छापील कागदाचा वास अजून आठवतो. मॅन्युअलच्या मागच्या पानावर कीचं स्टिकर होतं. चार-चार अक्षरांचे गट मी बोट ठेवून टाइप केले, शून्य आणि इंग्रजी ओ यांत एकदा चुकलो, आणि गेम सुरू झाला.

डब्यावर बारीक अक्षरांत लिहिलं होतं की तीन वेळाच ॲक्टिव्हेट होईल, म्हणजे पीसीवर नव्याने टाकून तीनदाच चालू करता येईल. तेव्हा तीन खूप वाटलं. चार महिन्यांनी व्हायरस शिरला, फॉरमॅट मारला, दुसरं ॲक्टिव्हेशन गेलं. मग उन्हाळ्यात लोडशेडिंगनंतर लाइट आली ती दणका देऊनच, मदरबोर्ड उडाला. नवा टाकला, तिसरं गेलं. पुढच्या फॉरमॅटनंतर स्क्रीनवर एक राखाडी चौकट आली: मर्यादा संपली. डबा माझ्या मांडीवर, डिस्क ड्राइव्हमध्ये, बिल कपाटात, आणि गेम म्हणतो तू मालक नाहीस. कंपनीला ईमेल केला. त्यांनी डिस्कचा आणि बिलाचा फोटो मागितला. उत्तर यायला अकरा दिवस लागले. तेवढ्या दिवसांत समोरच्या बिल्डिंगमधल्या मित्राने तोच गेम क्रॅक टाकून संपवला होता.

मदरबोर्ड बदलल्यावर असं का होतं, हे आता धंद्यामुळे कळतं. असलं प्रोटेक्शन मशीनमधल्या भागांवरून त्या मशीनची ओळख बनवतं आणि ती कंपनीच्या सर्व्हरवर नोंदवतं. मोठा भाग बदलला की ओळख बदलते, आणि सर्व्हरच्या हिशेबात तो दुसराच पीसी होतो. आपल्याकडे लोक पीसी टाकून देत नाहीत, एकेक भाग बदलत दहा वर्षं चालवतात. माझं दुकान त्यावरच चालतं. माणूस तोच, खोली तीच, गेम तोच, पण त्या कुलपाला दर दुरुस्ती म्हणजे नवा माणूस वाटते.

हे माझ्या एकट्याचं रडगाणं नाही. २००८ मध्ये 'स्पोअर' आला, त्यातही सेक्युरॉम नावाचं असलंच कुलूप होतं आणि तीनच ॲक्टिव्हेशन. ॲमेझॉनवर हजारो लोकांनी एक-एक स्टार दिला. शेवटी तो गेम काढणाऱ्या ईए कंपनीने मर्यादा पाचवर नेली. एवढ्या बंदोबस्तानंतरही त्या वर्षी सर्वाधिक पायरेट झालेल्या, म्हणजे चोरून कॉपी झालेल्या गेममध्ये 'स्पोअर' आघाडीवर होता. २०१० मध्ये युबिसॉफ्ट या गेम कंपनीने 'असासिन्स क्रीड २' पीसीवर आणला तो सतत नेट हवं या अटीवर. एकट्याने खेळायचा गेम, पण नेट तुटलं की खेळ थांबणार. मार्चमध्ये त्यांच्या सर्व्हरवर हल्ला झाला आणि विकत घेतलेले लोक बाहेर उभे राहिले.

आता ज्या कुलपावरून मुलं चिडतात ते डेन्युवो. ऑस्ट्रियातल्या कंपनीचं, २०१४ पासूनचं. त्याने गेम लॅग मारतो, म्हणजे अडखळत चालतो का, यावर वाद आहे आणि गेमगणिक उत्तर वेगळं येतं, म्हणून मी सरसकट काही म्हणत नाही. पण २०२१ मध्ये 'रेसिडेंट ईव्हिल व्हिलेज'मध्ये शत्रूला गोळी लागली की चित्र अडखळायचं आणि क्रॅक केलेल्या कॉपीत ते अडखळत नव्हतं. त्या गेममध्ये डेन्युवोसोबत तो बनवणाऱ्या कॅपकॉम कंपनीचं स्वतःचंही प्रोटेक्शन होतं. जुलैमध्ये कॅपकॉमने पॅच (गेममधली दुरुस्ती) दिला आणि पायरसीविरोधी तंत्र सुधारल्याचं त्यात स्वतःच लिहिलं. पूर्ण पैसे मोजलेल्या माणसाला चोरीच्या मालापेक्षा वाईट माल मिळाला, याचा मला फार राग येतो.

प्रकाशकांची बाजू मला कळते. गेमची विक्री पहिल्या काही आठवड्यांत सगळ्यात जोरात होते, आणि तेवढे दिवस क्रॅक रोखला तरी त्यांचा खर्च निघायला मदत होते. शेकडो लोकांची काही वर्षांची मेहनत असते. तेवढ्यापुरतं कुलूप लावा, माझी हरकत नाही. पण मग ते काढाही. 'डूम' मे २०१६ मध्ये आला आणि डिसेंबरमध्ये त्यातून डेन्युवो काढलं. २०१५ चा 'द विचर ३' तर जीओजी या ऑनलाइन गेमच्या दुकानात पहिल्या दिवसापासून बिनकुलपाचा मिळत होता, आणि तो तुफान विकला गेला.

काढलं नाही तर काय होतं ते मागच्या वर्षी दुकानात पाहिलं. एक गृहस्थ २००३-०४ च्या सुमाराची गेमची डिस्क घेऊन आले. कापडात गुंडाळलेली, एक ओरखडा नाही. मुलीला दाखवायची होती, लहानपणी भावाबरोबर खेळायचे तो गेम. डिस्कवर सेफडिस्क नावाचं जुनं कुलूप होतं. त्याचा ड्रायव्हर, म्हणजे ते कुलूप चालवणारा छोटा प्रोग्राम, विंडोज १० मध्ये मायक्रोसॉफ्टने चालू दिला नाही, २०१५ पासून. सुरक्षेला धोका होता, त्यामुळे मायक्रोसॉफ्टचं चुकलं असं मी म्हणणार नाही. पण डिस्क ड्राइव्हमध्ये फिरत होती, आवाज येत होता, आणि गेम उघडत नव्हता. ते म्हणाले, "मी बिल आणू का? आहे घरी." वीस वर्षांनी त्या माणसाला वाटलं की बिल दाखवलं म्हणजे गेम चालेल.

पीसीच्या बहुतेक नव्या गेमना तर डिस्कही नसते, आणि काही गेम कंपनीच्या सर्व्हरशिवाय चालतच नाहीत. युबिसॉफ्टच्या 'द क्रू'चे सर्व्हर ३१ मार्च २०२४ ला बंद झाले आणि एकट्याने खेळायचा भागही त्याबरोबर गेला.

त्या गृहस्थांसाठी मी दुकानातल्या जुन्या पीसीवर विंडोज एक्सपी टाकली, नेटची वायर काढून ठेवली आणि शनिवारी त्यांना बोलावलं. बापलेक काउंटरच्या मागे दोन स्टुलांवर बसून दोन तास खेळले. तो पीसी मी विकलेला नाही. कोपऱ्यात झाकून ठेवलाय, कुणाकडे अशी डिस्क असेल तर घेऊन या.