धानाचे पैसे, रूमचं भाडं

गडचिरोली जिल्ह्यातल्या आमच्या आरमोरीकडे वर्षाचा पैसा एकदाच येतो, धान विकल्यावर. दिवाळीच्या पुढे-मागे मळणी, मग काटा, मग खात्यात रक्कम. नागपुरात राहून शिकण्याचा खर्च मात्र सुरू होतो पावसाळ्याच्या तोंडावर, बाबांनी रोवणीसाठी उसनवारी केलेली असते तेव्हा. त्यामुळे "महिन्याला किती लागतात?" या प्रश्नाचा मला उपयोगच नव्हता. मी वहीत जून ते मे अशा बारा ओळी पाडल्या.

सगळ्यात जड जुलै. डिपॉझिट, पहिलं भाडं, मेसचा ॲडव्हान्स, गादी, बादली. त्रिमूर्तीनगरात दोघांत साडेपाच हजारांची खोली मिळाली. हिंगणा रोडला याहून स्वस्त होत्या, पण इथून सायकलने कॉलेज गाठता येतं, म्हणून प्रवासाचा रकाना कोराच राहिला.

सरकारी वसतिगृहाच्या यादीत नाव लागलं नव्हतं, म्हणून स्वाधारचा अर्ज भरायचा होता. अनुसूचित जाती आणि नवबौद्ध मुलांसाठीची ही योजना नागपूरसारख्या शहरात वर्षाला 60,000 रुपये देते: भोजनाचे 32,000, राहण्याचे 20,000, निर्वाहाचे 8,000. पालकांचं उत्पन्न अडीच लाखांच्या आत हवं, हजेरी 75 टक्के हवी. आणि भाड्याने राहतो याचा कागद हवा. इथेच गाडी अडते.

"काका, करारनामा लागेल."

"बाबू, आम्ही पोराईले कागद नाही करून देत."

दोन घरमालकांनी असंच परतवलं. त्यामुळे तिसऱ्या ठिकाणी डिपॉझिटचे पैसे काढण्याआधीच करारनाम्याचं बोललो. स्टॅम्पचा खर्च मी देतो म्हटलं, तेव्हा काका तयार झाले. स्वाधारची रक्कम मात्र वहीत कोणत्याही महिन्यासमोर लिहिली नाही. अर्ज, तपासणी, हजेरीचा दाखला हे सारं होईपर्यंत भाडं आपल्याच खिशातून जातं. आली की बाबांची उधारी फेडायची, एवढंच ठरवलं.

बाहेरगावच्या मुलांना नागपूर महाग पडतं ते खरं तर उन्हाळ्यात. आमच्या परीक्षा एप्रिल-मे मध्ये, म्हणजे पारा 45 कडे जात असताना पत्र्याखालच्या खोलीत बसून अभ्यास. कुलरशिवाय ते होत नाही. दोनशे वॅटचा कुलर बारा तास चालला की दिवसाला अडीच युनिट, महिन्याला सत्तरच्या आसपास. घरमालकाचा सबमीटर युनिटला बारा रुपयांनी, म्हणजे साडेआठशे रुपये नुसत्या थंड हवेचे. बारा का, हे विचारलं तर काका बिल दाखवतात: महिन्याला 100 युनिटच्या पुढे गेलं की दर जवळपास दुप्पट होतो, आणि वर-खाली मिळून तीन कुटुंबांचं मीटर एकच. त्यांचंही अगदी चुकीचं नाही. आम्ही कुलर डिसेंबरात घेतला, जुना, बावीसशेला. तोच मार्चमध्ये साडेतीन हजारांच्या खाली कोणी देत नव्हतं. कुलरच्या गवती ताट्या नवीन लावल्या, मोटर तपासून घेतली.

मेसमध्ये दोन वेळचे अठ्ठावीसशे. जेवणाच्या चवीबद्दल न बोललेलं बरं, पण खाड्याचा नियम पहिल्याच दिवशी विचारून घ्यावा. आमच्याकडे सलग तीन दिवसांच्या वर गावी गेलं तरच पैसे कापतात, तेही आदल्या दिवशी मेसच्या काकूंना सांगितलं तर. म्हणून मी शनिवार-रविवार घरी जाणं सोडलं आणि सणाला जोडून आठवडाभर जातो. बसभाडंही वाचतं. सकाळी तर्री-पोहे मात्र मी कापले नाहीत. बजेट असलं म्हणून काय झालं.

पुस्तकं सीताबर्डीच्या फुटपाथवरून जुनी, नाहीतर सिनियरकडून.

राहिली सुट्टीची गोष्ट. परीक्षा संपल्यावर खोली बंद, भाडं चालू. या वेळी काकांना जूनचं भाडं अर्धंच घ्या म्हणून पाहिलं. ते नाही म्हणाले, पण सामान जिन्याखाली ठेवायला हजार रुपयांत तयार झाले. खोली सोडायची, जुलैत पुन्हा त्याच डिपॉझिटवर घ्यायची. तेवढं त्याच करारनाम्याच्या मागे लिहून दोघांनी सह्या केल्या.