अडकलेला ल्युअर सोडवायचं वजन

मासेमारीत पाण्याखाली अडकलेला ल्युअर, म्हणजे गळ लावलेलं नकली आमिष, सोडवणारं वजन आज दिवसभर वापरून पाहिलं. साधीच वस्तू: शंभरेक ग्रॅम शिशाचा तुकडा, वर लाइन (ल्युअर बांधलेला दोरा) अडकवायला तारेची कडी, खाली बोटभर लांबीच्या साखळ्या आणि ओढायला जाड नायलॉन दोरी.

आधी होडी ल्युअरच्या अगदी डोक्यावर न्यायची. कडी लाइनमध्ये अडकवून लाइन ताठ धरायची आणि दोरीने वजन खाली सोडायचं. लाइन ढिली असेल तर वजन मध्येच अडखळतं. टक्क असं जाणवलं की दोरी हातभर उचलून सोडायची, आठ-दहा वेळा. बहुतेकदा वजनाच्या ठोक्यानेच गळ मागे सरकून सुटतो. नाहीच सुटला तर साखळी ट्रेबल हुकमध्ये (तीन टोकांच्या गळात) गुंतते, मग दोरीनेच सावकाश ओढायचं. म्हणूनच दोरी लाइनपेक्षा कितीतरी मजबूत हवी.

काठावरून मात्र याचा फारसा उपयोग नाही. लाइन तिरकी असली की वजन ल्युअरपर्यंत पोचतच नाही. दगडाच्या फटीत रुतलेल्या जिगवर (डोक्याला वजन असलेल्या ल्युअरवर) ठोके देणंही चुकीचं, तो आणखी घट्ट बसतो.

रॉडने हिसके अजिबात देऊ नका. टोक मोडतं, आणि सुटलेला ल्युअर थेट तोंडावर येतो. चष्मा हवाच. ब्रेडेड (धागे विणून केलेली) लाइन हाताला गुंडाळून ओढू नका, मांस कापते. लाकडाच्या दांडक्याला गुंडाळा.

ल्युअर हाती आला की शेवटची मीटरभर लाइन बोटांत धरून तपासा. खरखरीत लागली तर तेवढी कापून गाठ नव्याने मारा.